भिंत आपली, मग छत्र कुणाचं?

इन्स्टाग्रामवर 'तंजावर मराठी' असं शोधलं की जी रील्स येतात, त्यांचा क्रम जवळपास ठरलेला असतो. आधी बृहदीश्वराचं शिखर. मग कॅमेरा प्राकाराच्या भिंतीवर येतो, देवनागरी अक्षरं दिसतात, मागे ढोल-ताशा वाजायला लागतो. वर मजकूर येतो: सर्वांत मोठा मराठी शिलालेख, तोही तमिळनाडूत! शेवटी सांबाराचा शोध मराठ्यांनी कसा लावला याची गोष्ट. ती गोष्ट चवीला छान आहे, पुराव्याला पातळ. तीस सेकंद संपतात. मी पाहिलेल्या एकाही रीलमध्ये त्या भिंतीवरची एक ओळसुद्धा कुणी वाचून दाखवलेली नाही.

शिलालेख म्हणजे शेवटी मजकूर. त्याला लेखक असतो, वाचक असतो, आणि तो का लिहिला याचं काहीतरी कारण असतं. कवितासंग्रहाबद्दल जे प्रश्न आपण विचारतो ते भिंतीबद्दलही विचारता येतात. म्हणून हे प्रवासवर्णन कमी आणि एका लेखकाची समीक्षा जास्त आहे. लेखक म्हणजे तंजावरचे राजे सरफोजी दुसरे (१७७७–१८३२). त्यांचं साहित्य काही दगडात आहे, काही कागदावर, आणि एक मोठा भाग शिजवलेल्या भातात. तंजावर ते रामेश्वर या अडीचशेएक किलोमीटरच्या रस्त्यावर ते ओळीने भेटत जातं. डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारी भाड्याची गाडी घेऊन आम्ही तिघं त्या रस्त्याने गेलो. दोघं माझे चेन्नईच्या ऑफिसातले सहकारी, त्यातला एक पट्टुकोट्टईकडचा. मी तीन वर्षांपासून चेन्नईत राहतो. तमिळ समजते, बोलताना अडखळतो.

भिंत

बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाने बांधलं आणि ते १०१० मध्ये पूर्ण झालं. म्हणजे मराठी लेख कोरला गेला तेव्हा देऊळ जवळपास आठशे वर्षांचं होतं. भिंतीवर आपल्या आधी दुसऱ्याचं लिखाण होतं, हे रीलमध्ये कधी येत नाही. देवळाच्या भिंतींवर राजराजाच्या काळचे तमिळ लेख आहेत. त्यांत देवळाला मिळालेल्या दागिन्यांची वजनं आहेत. देवळासाठी आणलेल्या चारशे नर्तकींची यादी आहे: नाव काय, कुठल्या देवळातून आली, कोणत्या रस्त्याच्या कोणत्या ओळीत कितव्या घरात राहते. प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाला शंभर कलम भात. मी दिवसभर डेटाबेसची टेबलं बघतो, मला ही यादी तशीच दिसली. हजार वर्षांपूर्वीच्या चारशे बायका, घर क्रमांकासकट. राजाचं मोठेपण सांगायला लिहिलेल्या लेखात त्या नावानिशी जिवंत राहिल्या.

मराठी लेख १८०३ चा. सरफोजींच्या आज्ञेवरून तो बाबुरायाने लिहिला. भोसले घराण्याचा तो इतिहास आहे: शहाजीराजे, शिवाजी महाराज, त्यांचे सावत्र भाऊ व्यंकोजी १६७५ च्या सुमारास तंजावर कसं घेतात, आणि मग पिढ्यांमागून पिढ्या, थेट सरफोजींपर्यंत. गद्य बखरीच्या वळणाचं. नावं, नाती, स्वाऱ्या, कोण कुणाच्या पोटी आणि कुणाच्या मांडीवर.

यातलं 'कुणाच्या मांडीवर' फार महत्त्वाचं आहे. सरफोजी दत्तक होते. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतलं आणि त्याच वर्षी राजे वारले. दत्तकविधान शास्त्राला धरून नाही असं पंडितांकडून वदवून घेतलं गेलं आणि तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह गादीवर बसले. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने आपलंच मत फिरवलं. १७९८ मध्ये अमरसिंहांना उतरवून सरफोजींना बसवलं आणि १७९९ मध्ये तह करून राज्याचा कारभार स्वतःकडे घेतला. राजाकडे उरला किल्ला, आसपासचा मुलूख, मानमरातब आणि ठरलेला तनखा. त्यानंतर चार वर्षांनी ही भिंत लिहिली गेली.

हे कळल्यावर लेखाचा सूर बदलतो. ज्याच्या हातात राज्य आहे त्याला आपण कोण हे भिंतीवर लिहायची घाई नसते. ही वंशावळ म्हणजे एक प्रतिज्ञापत्र आहे: मी खरा वारस आहे. वर्षही बघा. १८०२ च्या अखेरीस पेशव्यांनी वसईचा तह केला होता आणि १८०३ च्या सप्टेंबरात जालन्याजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजा कंपनीकडून हरल्या. इकडे मराठी सत्ता मोडत होती तेव्हा तिकडे तंजावरात तिचा इतिहास दगडात उतरवला जात होता. आयटीतल्या माणसाला हे लगेच ओळखू येतं. सर्व्हर जाणार असं दिसलं की बॅकअप घेतात.

साहित्य म्हणून हा लेख मला मोठा वाटत नाही. तो कुणाशी बोलत नाही, पटवून देतो. त्याच्या मनातला वाचक न्याय करणारा आहे: पंडित, भाऊबंद, कंपनीचा अधिकारी. राजराजाच्या काळच्या तमिळ यादीत शहर दिसतं, तर मराठी लेखाच्या केंद्रस्थानी घराणं आहे. आपण ढोल-ताशा लावून जो मजकूर वाजवतो तो विजयाचा नाही, सत्ता गेलेल्या माणसाचा आहे. पण त्यामुळे तो कमी मोलाचा ठरत नाही. उलट त्यातली असुरक्षितता वाचली तरच तो खरा लागतो.

मी चार-पाच ओळी मोठ्याने वाचल्या. अक्षर लागतं, सावकाश लागतं. पट्टुकोट्टईचा मित्र ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे तुमच्या राजाने आमच्या देवळाच्या भिंतीवर स्वतःच्या घराण्याची गोष्ट लिहिली?" त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं. मी म्हणालो, "हो." तो म्हणाला, "बरं. आणि आम्ही ती राहू दिली."

वाडा

तंजावरच्या राजवाड्यात सरस्वती महाल हे ग्रंथालय आहे. नायक राजांच्या काळापासूनचा संग्रह, पण त्याला आजचं रूप सरफोजींनी दिलं. काशीला गेले तिथून पोथ्या आणल्या, युरोपातून पुस्तकं मागवली. श्वार्त्झ या मिशनरीच्या देखरेखीखाली ते शिकले होते. या ग्रंथालयात त्यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आहेत, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह. मोडीतल्या कागदांची बाडंच्या बाडं आहेत.

आणि सरफोजींच्या नावावरचं एक मराठी नाटक आहे: 'देवेंद्र कुरवंजी'. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. विरहात झुरणारी नायिका असते, आणि तिचा हात बघून भविष्य सांगायला डोंगराकडची कुरत्ती येते. ही भटक्या कुरवर जमातीची बाई. आपण कुठले डोंगर, कुठल्या नद्या, कुठले देश पाहिले हे ती सांगते, असा या प्रकारातला संकेतच आहे. सरफोजींनी तो संकेत धरला आणि त्यात आधुनिक भूगोल भरला. त्यांची कुरत्ती खंडं, देश आणि शहरं सांगत जाते. भाषा मराठी, घाट तमिळ, माहिती युरोपातून आलेली, आणि सांगणारी गावोगाव फिरणारी बाई.

माझ्या मते लेखक म्हणून सरफोजींचं मोठेपण इथे आहे. भिंतीवर ते सांगतात, मी कुणाचा. कुरवंजीत ते सांगतात, जग केवढं. भूगोल शिकवायचा तर त्यांना पंडित ठेवता आला असता, साहेब ठेवता आला असता. त्यांनी ते काम अशा बाईला दिलं जिला दरबारात बसायला जागा मिळाली नसती, पण जिने रस्ते पाहिले होते. तरी हे नाटक मराठी नाटकाच्या चर्चेत क्वचितच येतं. तंजावर आपल्याला आठवतं ते बहुधा 'पहिलं' किंवा 'सर्वांत मोठं' असं काही हवं असतं तेव्हा. मराठी रंगभूमीची सुरुवात १८४३ च्या सांगलीतल्या 'सीता स्वयंवर'पासून धरायची की त्याच्या दीडशे वर्षं आधी तंजावरात शहाजीराजांनी लिहिलेल्या नाटकांपासून, हा वाद आपण मन लावून घालतो. ती नाटकं कशी आहेत याची चर्चा मात्र मागे पडते. क्रमांक लागला की वाचायची गरज संपते.

छत्र

तंजावरहून पट्टुकोट्टईच्या रस्त्याला लागलं की पंचविसेक किलोमीटरवर ओरत्तनाडू येतं. गाव लहान, बसस्टँड, चहाच्या टपऱ्या. इथे मुक्तांबाळ छत्र आहे, १९व्या शतकाच्या सुरुवातीचं. मोठी दगडी इमारत, खांबांच्या ओळी, मधे चौक. नंतरच्या काळात इथे शाळकरी मुलांचं वसतिगृह होतं. रीलवाल्या गाड्या इथे थांबत नाहीत. त्यांना भिंतीनंतर थेट समुद्र हवा असतो.

छत्र म्हणजे वाटसरूंना उतरायला जागा आणि जेवायला अन्न. तंजावरच्या भोसल्यांनी रामेश्वराच्या वाटेवर अशी छत्रांची साखळीच उभी केली होती, त्यातली कितीतरी राजघराण्यातल्या स्त्रियांच्या नावाने. मुक्तांबा मात्र राणी नव्हती. ती सरफोजींची लग्नाबाहेरची प्रिय सखी. भिंतीवरच्या वंशावळीत तिला जागा मिळणं शक्य नव्हतं. तिचं नाव रस्त्यावर राहिलं, जिथे कोण कुणाच्या पोटी हे विचारायचं काम नव्हतं.

या छत्रांबद्दल सरफोजींनी १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहिलं होतं. महसूल हातातून गेलेला, आता छत्रांचं उत्पन्नही जाईल अशी भीती. पत्र विनंतीचं आहे, पण वाचताना ते एखाद्या चालू यंत्रणेच्या माहितीपत्रकासारखं वाटतं. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्या माणसापर्यंत येईल त्या वाटसरूला शिजवलेला भात. जे दुसऱ्याच्या हातचं खात नाहीत त्यांना कोरडा शिधा. वाढणं मध्यरात्रीपर्यंत चालतं, मग घंटा वाजवतात आणि अजून कुणी उपाशी असेल तर त्याला बोलावून उरलेलं देतात. आजारी पडला तर वैद्य. वाटेत बाळंत होणाऱ्या बाईची सोय. पोरक्या मुलांचा सांभाळ आणि शिक्षण.

शेवटी वाजणाऱ्या त्या घंटेपाशी मी अडकलो. यंत्रणा बांधणारा माणूस नेहमीच्या प्रवासाचा विचार करतो. चांगला बांधणारा, राहून गेलेल्या एकाचा विचार करतो. उशिरा पोचलेला, पायांनी अधू, लाजून मागे थांबलेला, त्याच्यासाठी ती घंटा होती. आणि लक्षात घ्या, छत्रात जेवण मिळायला तमिळ यावी लागत नव्हती, मराठीही यावी लागत नव्हती. जातीची उतरंड छत्रातही होतीच, कोरड्या शिध्याची व्यवस्था तेच सांगते. हे समतेचं स्वप्न नव्हतं. पण भूक लागली आहे एवढी ओळख तिथे पुरेशी होती.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला रामेश्वराची वाट म्हटलं की एकनाथ आठवतात. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली, ही गोष्ट आपल्याला लहानपणीच सांगतात. आपण ती नाथांच्या करुणेची गोष्ट म्हणून ऐकतो. ओरत्तनाडूला ती मला रस्त्याची गोष्ट वाटली. नाथांनी एकदा केलं ते छत्राने रोज केलं, हिशेब ठेवून, मध्यरात्रीपर्यंत. कथेला आपल्याकडे कीर्तन मिळालं. छत्राला फारसं काही मिळालं नाही.

मनोरा

पट्टुकोट्टईच्या पुढे समुद्र लागतो. किनाऱ्यावर सेतुबावाछत्रम नावाचं गाव आहे. नावात सेतू आहे, बावा आहे आणि छत्रही आहे. त्याच्याजवळ सरफोजींचा मनोरा: सहा कोनांचा, मजल्यावर मजले चढवलेला, नारळीच्या झाडांतून वर आलेला. मिनार या शब्दाचंच हे रूप.

हा मनोरा नेपोलियनच्या पाडावानिमित्त बांधला आहे. माहितीच्या बहुतेक पानांवर वॉटर्लूचं नाव येतं. पण तिथल्या शिळेवर साल आहे १८१४ आणि वॉटर्लू झालं जून १८१५ मध्ये. म्हणजे हा दगड नेपोलियनच्या पहिल्या पदत्यागाचा आहे. एल्बावरून तो परत येणार हे कोरणाऱ्याला माहीत असणं शक्यच नव्हतं. मजकुरात सरफोजी स्वतःला ब्रिटिश राष्ट्राचा मित्र म्हणवतात, आणि तोच आशय इंग्रजीसह अनेक भाषांत कोरला आहे, मराठीतही.

हा त्यांचा सर्वांत कमजोर मजकूर. मालक जिंकला म्हणून नोकराने वाजवलेली टाळी. ज्या कंपनीने राज्य घेतलं तिच्या विजयाचा स्तंभ आपल्याच किनाऱ्यावर, आपल्याच खर्चाने. आजच्या नजरेने हसू येतं. पण १८०१ चं पत्र वाचून इथे आलं तर हसू थोडं अडतं. ज्याला छत्रं चालू ठेवायची होती, ग्रंथालय वाढवायचं होतं, त्याच्याकडे चलन म्हणून दुसरं काय उरलं होतं? मी मनोऱ्याला माफ करत नाही. एवढंच म्हणतो की हा स्तंभ आणि ती घंटा एकाच माणसाची आहे, आणि एक बघून दुसरी टाळली तर लेखक अर्धाच कळतो.

बेट

पुढे तोंडी, देवीपट्टिनम, रामनाथपुरम आणि मग पांबनचा पूल. रस्त्याचा पूल १९८८ चा. शेजारी १९१४ चा जुना रेल्वेपूल आणि त्याला लागून २०२५ मध्ये सुरू झालेला नवा, ज्याचा मधला भाग जहाजासाठी सरळ वर उचलला जातो. पुलावर थांबायला मनाई असल्याच्या पाट्या आहेत. सगळे थांबतात.

रामेश्वराच्या लांबच लांब दालनांबद्दल आणि बावीस तीर्थांबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे, मी भर घालत नाही. मला बोलायचं आहे ते बेटाच्या टोकाच्या धनुष्कोडीबद्दल. १९६४ च्या २२-२३ डिसेंबरच्या रात्री चक्रीवादळात हे गाव गेलं. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी प्रवाशांसकट समुद्राने ओढून नेली. त्याआधी मद्रासहून आगगाडीने इथपर्यंत आणि इथून बोटीने सिलोनला, असा हा चालता रस्ता होता. आता चर्चच्या पडक्या भिंती आहेत, रेल्वेच्या इमारतींचे अवशेष आहेत, आणि वाळूत झोपड्या टाकून राहिलेली कोळी कुटुंबं. २०१७ पासून टोकापर्यंत डांबरी रस्ता आहे.

इथल्या भिंतींवर कुणाची वंशावळ नाही. लोक त्यांना टेकून फोटो काढतात. दोन दिवसांत तीन प्रकारची वारसास्थळं पाहिली. तंजावरला लिहिलेली भिंत, ओरत्तनाडूला न लिहिलेली इमारत, इथे लिहायला कुणी उरलंच नाही अशी जागा. पर्यटनाच्या ब्रोशरमध्ये तिन्ही 'वारसा' या एकाच शब्दात बसतात. पहिल्यात अभिमान आहे, तिसऱ्यात थरार आहे. मधल्यात यापैकी काहीच नाही, म्हणून तिथे गर्दी नाही.

आपला प्रश्न

आता मूळ मुद्दा. तंजावरचे मराठे तमिळ देशातले परप्रांतीय होते. आधी तलवार घेऊन आले, नंतर घर करून राहिले. १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी पुत्राविना वारले आणि संस्थान खालसा झालं, पण लोक तिथेच राहिले. तमिळ शिकले आणि घरात मराठी बोलत राहिले, अजूनही बोलतात. ती मराठी पुण्याच्या कानाला वेगळी लागते. याच समाजातले टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. साडेतीनशे वर्षं परमुलखात भाषा टिकवली म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे.

पण मग त्याच फीडमध्ये, दोन रील्स खाली, मुंबईतल्या एखाद्या फेरीवाल्याला मराठी येत नाही म्हणून घातलेला घेराव असतो, आणि त्याखाली तितक्याच टाळ्या. राहतो तिथली भाषा शिकावी ही अपेक्षा मला रास्त वाटते. मी तमिळ शिकतो ती त्याच न्यायाने. पण ती शिकवायची कशी, याची दोन उदाहरणं आपल्यासमोर आहेत. एक घेरावाचं. दुसरं पट्टुकोट्टईच्या मित्राच्या वाक्यातलं: आणि आम्ही ती राहू दिली. पुण्यातल्या एखाद्या जुन्या देवळाच्या भिंतीवर तमिळ घराण्याचा इतिहास कोरलेला असता, तर आपण त्याचं काय केलं असतं? या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाने आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपकडे बघून द्यावं.

भिंतीचा अभिमान बाळगायला काहीच लागत नाही, ती आधीच लिहून झाली आहे. छत्राचा वारसा सांगायचा तर रोज भात शिजवावा लागतो. कदाचित म्हणूनच आपण भिंत निवडली.

मराठी वाचक म्हणून माझ्या दोनच मागण्या आहेत. 'देवेंद्र कुरवंजी'ची टीपांसह, खिशाला परवडेल अशी आवृत्ती निघावी आणि कुणीतरी ती रंगमंचावर आणावी. कुरत्तीच्या तोंडून मराठीत जगाचा भूगोल ऐकायला मी तिकीट काढून येईन. आणि १८०१ चं ते पत्र मराठी करून शाळेच्या पुस्तकात घालावं, एकनाथांच्या धड्याच्या पुढच्या पानावर. तोपर्यंत तंजावरला गेलात तर भिंतीपुढे फोन खाली ठेवून पाच ओळी वाचा. मग पट्टुकोट्टईचा रस्ता धरा. ओरत्तनाडूत छत्र कुठे आहे असं विचारलंत की बसस्टँडवर कुणीही हात करून दाखवतं.